मोरोपंतांचे चार दात

मित्रांनो, आधी हात धुऊन या, मंग मले हातात घ्या. मी अडकित्ता आहे, जुना. दांडे पितळेचे, पातं पोलादाचं, अन् दांड्यावर दोन पोपट कोरलेले. सुपारी कातरनं हे माझं काम. तुमच्यातल्या कित्येकाईनं मले पाह्यलंही नसन, कारण तुमी सुपारी पुडीतून खाता, आयती कातरलेली, अत्तर मारलेली, उंदराच्या लेंड्यासारखी दिसणारी.

तुमाले वाटन, आता हा म्हातारा रडगाणं सुरू करन, की पयले मले मखमलीत ठेवत होते अन् आता कोनी विचारत नाई. तसं काही नाई. मले फक्त माझी किळस सांगायची आहे. माणसाचं तोंड ही या जगातली सगळ्यात घाण जागा आहे, अन् मी तीस वर्षं तिच्या दारात चाकरी केली.

तेल्हाऱ्याच्या एका लोहारानं मले घडवलं. बाजाराच्या दिवशी त्यानं मले पोत्यावर मांडलं. तिथं अकोटचे मोरोपंत भटजी आले. तवा ते जवान होते, नवीनच लग्न झालेले. त्याईनं मले उघडून पाह्यलं, मिटून पाह्यलं, अन् मी त्याईच्या अंगठ्याले हलकाच चिमटा काढला. ते हसले अन् मले घेऊन गेले. माणूस आपल्याले चावणारीच वस्तू विकत घेते, हे मले त्या दिवशी समजलं.

चिमटे काढण्याचा मले नादच होता. कोनी न विचारता पिशवीतून मले काढलं, की अंगठ्याच्या बाजूची नरम कातडी मी बरोबर धरायचो. मांडवात पंचवीस लोकाईसमोर एखादा व्याही ‘आई गं’ करून उडाला, की माझा दिवस चांगला जाये.

आता भटजीच्या घरची सुपारी कशी असते, ते सांगतो. पूजेत सुपारीले गणपती म्हणून तांदळावर बसवतात. तिले दूध, दही, तूप, मध, साखर, हळद, कुंकू सगळं लागते. पूजा झाली की ती भटजीले जाते. सकाळी जिच्यापुढं यजमान डोकं टेकवते, ती संध्याकाळी मोरोपंतांच्या दाढंखाली. घरी तिचा एक मोठा डबा होता. त्यात मुंग्या, चिकट तूप, वाळलेलं दही. मोरोपंत न धुता एक उचलत अन् माझ्या तोंडात देत. दिवसातून वीस वेळा. माझ्या पात्याले जी चव लागली, ती मी कोनाच्या दुश्मनालेही देणार नाई.

त्याईचे दात तवा मात्र पाहण्यासारखे होते. लग्नात पोट्टे म्हणत, “महाराज, अडकित्ता राहू द्या, दातानं फोडून दाखवा.” अन् महाराज अख्खी सुपारी दाढंखाली धरून कडाड करत. सगळे वाहवा करत. मी पिशवीत जळत बसायचो. माझं काम जो फुकटात करून दाखवते, त्याचा मले राग येणारच ना.

मंग अकोटच्या स्टँडजवळ गोपालचा पानठेला आला, अन् ठेल्यावर खर्रा आला. तुमी वऱ्हाडातले असान तर खर्रा माहीतच आहे. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, पाण्याचा शिपका, अन् हे सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घोट घोट घोटायचं. गोपालचे हात कोपरापर्यंत त्याच वासाचे. मोरोपंत पयले म्हणाले, “चिमूटभर, फक्त पूजा झाल्यावर.” मंग पूजेच्या आधी. मंग पूजेच्या मधात, यजमान हात धुवाले गेला की. हिरड्या काळ्या झाल्या. प्रमोदिनीबाई, म्हणजे त्याईची बायको, उपरण्यावरचे लाल डाग घासता घासता म्हणायच्या, “मी भटजीशी लग्न केलं की पिकदाणीशी?”

चार वर्षांत समोरचे वरचे चार दात गेले. पयला कुठं पडला, ते ऐका, पण जेवल्यावर ऐका.

अकोटजवळच्या खेड्यातले खुशालराव हे मोरोपंतांचे सगळ्यात मोठे यजमान. त्याईच्या घरी सत्यनारायण होता. मोरोपंत कथा सांगून राहिले होते अन् समोर शिऱ्याची परात होती. एका वाक्याच्या मधात दात सुटला अन् शिऱ्यात पडला. मी डोळ्यानं पाह्यलं. मोरोपंतांनी कथा थांबवली नाई. तुळशीचं पान ठेवल्यासारखं करून त्याईनं तो बोटानं आत ढकलला. पुढं प्रसाद वाटला अन् खुशालरावाईच्या दाताखाली कडक लागलं.

“महाराज, परसादात काय लागलं हो?”

“वेलदोड्याचं टरफल असेल.”

खुशालरावाईनं ते बाहेर काढलं, धोतराले पुसलं, उजेडात धरलं. “वेलदोड्याले मूळ नसते महाराज,” म्हणाले, अन् ते खिशात टाकून देलं.

चारही गेल्यावर मंगलाष्टकं म्हणनं कठीण झालं. माईकमधून शीळ निघाले लागली. शीळ परवडली, पण थुंकी उडे. नवरदेव अक्षता झेलायच्या आधी तोंड पुसे. मोरोपंतांनी एक स्वस्तातली काढघालीची दाताची प्लेट बसवून पाह्यली. एका मुंजीत ‘स्वाहा’ म्हणता म्हणता ती होमात गेली. प्लास्टिक जळाल्याचा वास अन् तुपाचा वास एकत्र कसा येते, हे मले इचारू नका.

दिवाळीनंतर खुशालराव घरी आले. चहा घेतला अन् बशीकडंच पाहत बोलले.

“महाराज, आमच्या पिंकीचं लगन ठरलं. वैशाखात हाये.”

“वा, उत्तम. मुहूर्त काढतो.”

“मुहूर्त त काढा. पन लावाचं कोनं, तेच इचाराले आलो.” बशी खाली ठेवली. “माह्यं लगन तुमच्या वडलाईनं लावलं. माह्या बयनीचं तुमी लावलं. पन मांगच्या लगनात नवरदेवाचा फेटा वल्ला झाला होता महाराज. पिंकी म्हनते, बाबा, मले मांडवात हासू आलं त मी काय करू? दात बसवून या. नाई त मी अमरावतीचा महाराज सांगतो. त्याच्यापाशी सोताचा माईक हाये.”

मित्रांनो, गंमत वाटते, पण गंमत नव्हती. खुशालरावाईचं घर ज्या भटजीकडं जाते, आजूबाजूची अकरा गावं त्याच्याकडं जातात. मोरोपंताईले दुसरा धंदा येत नव्हता. मंत्र म्हणनं एवढंच येत होतं, अन् तेच तोंडातून नीट निघत नव्हतं. वैशाखापर्यंत दात, नाई तर घरी बसनं.

मंग आमी एसटीनं अकोल्याले गेलो, एका चकचकीत दवाखान्यात. थंडगार एसी, काचेच्या पेटीत मासे. डॉक्टरनं तोंड उघडाले लावलं अन् स्वतःचं नाक दाबलं, मास्कवरूनच. बाजूचे दात कमजोर आहेत, त्याईच्या आधारानं दाताचा पूल बसत नाई, म्हणे. हाडात स्क्रू बसवा लागन. चार स्क्रू, चार दात, एक लाख साठ हजार. अन् हसून विचारलं, “विमा आहे का?”

विमा होता. प्रमोदिनीबाई दरवर्षी भरत होत्या. घरी येऊन त्याईनं चष्मा लावून सगळी पानं वाचली. त्यात किडनी होती, गुडघा होता, मोतीबिंदू होता. दात नव्हते. दात फक्त अपघातात पडले तर. सरकारी कार्डावरही स्क्रू नाई, म्हणे. तोंडाचं बाकी सगळं माणसाचं, अन् दात जसे काही गळ्यातला हार, हौस असन तर घाला.

गोपाल ठेल्यावर खर्रा घोटता घोटता म्हणाला, “अपघात पायजे ना? मंग टेन्शन काहून घेता महाराज? नारळ फोडता फोडता तोंडावर आला म्हना. चिठ्ठी मी आनून देतो, वळखीचा डॉक्टर हाये.”

अन् मोरोपंतांनी घरी येऊन आरशासमोर नारळाची गोष्ट म्हणून पाह्यली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हावभावासकट. प्रमोदिनीबाई मागं येऊन उभ्या होत्या.

“वर्षात शंभर घरी जाऊन सांगता, खोटं बोललं की देव कसा कोपतो ते. स्वतःच्या घरी हे?”

“अगं, कंपनीला काय फरक पडतो?”

“कंपनीचं जाऊ द्या. दात नारळानं पडले, अन् हिरड्या कोणी काळ्या केल्या? अगरबत्तीनं?”

मोरोपंत आरशासमोरून उठले. मी पिशवीत पोट धरून हसलो. पण खरं सांगतो, घाण मलेही वाटली. ज्या तोंडानं तो माणूस देवाचं नाव घेते, त्याच तोंडात ते खोटं मी पाहत होतो, अन् ते खर्र्यापेक्षा काळं होतं.

मार्ग प्रमोदिनीबाईनं काढला. अकोल्याच्या त्या दवाखान्यातल्या नोंदणीवाल्या पोरीनं जाताना त्याईच्या कानात सांगितलं होतं, “काकू, अमरावतीच्या दाताच्या कॉलेजात जा. शिकणारे डॉक्टर बसवतात, मोठे सर बाजूले उभे राहतात. मी सांगितलं म्हणून नका सांगू.” प्रमोदिनीबाई एकट्याच अंजनगावच्या रस्त्यानं अमरावतीले जाऊन विचारून आल्या. चारच्या जागी दोन स्क्रू, अन् त्या दोनावर चार दात. अठ्ठेचाळीस हजार, तीन हप्त्यांत.

तेही घरात नव्हते. घरात होत्या पेट्या. भटजीच्या घरी तीस वर्षांत काय काय जमा होते, तुमाले माहीत नाई. घडी न मोडलेली धोतरं, उपरणी, टॉवेल, ब्लाऊज पीस, स्टीलचे तांबे, ताटल्या, पितळेच्या समया, दोन पेट्या फक्त टोप्या. बाईनं सगळं टेम्पोत टाकलं अन् पूजेच्या सामानवाल्याले एकगठ्ठा विकलं. बचतगटातून थोडे उचलले. मोरोपंत नाक मुरडत होते, “लोक काय म्हणतील?” लोक काहीच म्हणाले नाई. पंधरा दिवसांनी एका वास्तुशांतीत त्यातलंच एक उपरणं दक्षिणेत परत आलं. मी वळखलं. कोपऱ्यावर डाग होता.

अमरावतीच्या कॉलेजात डॉक्टर आरती नावाची पोरगी होती, शिकणारी, पण आवाज मास्तरणीचा. तिनं मोरोपंतांची पिशवी स्टुलावर ठेवली अन् मी खाली पडलो.

“काका, हे काय?”

“अडकित्ता.”

“आजपासून याची सुट्टी. सुपारी नाही, तंबाखू नाही, खर्रा तर नावही घ्यायचं नाही. स्क्रू हाडात पक्का व्हायला चार महिने लागतात. तुम्ही खर्रा खाल्ला तर हाड त्याला धरणारच नाही. पंधरा दिवस जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका.”

मोरोपंत प्रत्येक गोष्टीले मान हलवत होते, संकल्प सोडल्यासारखे.

मंग मार्गशीर्षात ते झालं. हाडाले भोक पाडायची मशीन, तिचा आवाज, पाण्याचा फवारा, रगताचा कापूस. तीस वर्षं मी सुपाऱ्या फोडल्या, पण एवढं निर्दयी काम मी कधी केलं नाई. मोठे सर बाजूले उभे होते अन् मधात मधात ‘हं, हं’ करत होते. दोन स्क्रू आत गेले, टाके पडले, अन् आमी घरी आलो.

पाचव्या दिवशी दत्तजयंती होती. आता जी चूक झाली, ती सराफ करू शकत नाई, मास्तर करू शकत नाई, भटजीच करू शकते. मोरोपंत सुपारीले शिवले नाई. खर्र्याकडं पाह्यलं नाई. थुंकले नाई. शिंक उघड्या तोंडानं दिली. अन् जन्माच्या वेळेले देवळात उभं राहून, दोन्ही गाल फुगवून, शंख फुंकला. लांब. लोकाईनं हात जोडले. शंख खाली घेतला तर शंखाचं तोंड रगतानं लाल.

टाके उसवले होते. सकाळच्या पयल्या एसटीनं आमी अमरावतीले.

“काका,” डॉक्टर आरती डोक्याले हात लावून म्हणाली, “थुंकू नका सांगितलं. स्ट्रॉ सांगितला. शिंक सांगितली.”

“शंखाचं तुम्ही बोलला नाहीत.”

“आमच्या पुस्तकात शंख नाहीये हो काका.”

मोठ्या सरांनी तपासलं. एक स्क्रू पक्का होता. दुसरा किंचित हलून राहिला होता. नवे टाके घातले अन् सर म्हणाले, “हाडानं धरलं तर धरलं. नाही तर हा काढायचा, हाड भरायचं, परत थांबायचं, परत खर्च. तुमच्या हातात एकच आहे, तोंडात काही घालू नका.”

परत थांबायले वैशाख थांबणार नव्हता. अन् विकायले पेट्या उरल्या नव्हत्या.

तीन महिने मी पिशवीत पडून. मोरोपंत चिडचिडे झाले. जेवण झालं की हात आपोआप पिशवीकडं येये अन् परत जाये. गोपाल रस्त्यात भेटला की म्हणे, “महाराज, एक चिमूट. मांगच्या दाढंत ठेवा, समोरच्या स्क्रूले काय समजते?” मोरोपंत मान खाली घालून पुढं जात.

फाल्गुनात एका दुपारी प्रमोदिनीबाई बाजारात गेल्या होत्या. मोरोपंतांनी डबा उघडला. सगळ्यात जुनी, सगळ्यात कडक सुपारी काढली. मले काढलं. स्वतःलेच म्हणाले, “फक्त एक खांड.”

खोटं काहून सांगू, मले आनंद झाला. तीन महिन्यांनी कोनी मले हातात घेतलं होतं. या माणसानं सुपारी खाल्ली तर माझं काम परत सुरू. दात पडले काय, राहिले काय, माझा त्याच्याशी काय संबंध? माझ्या पात्याले तर फोडायले काही पाह्यजे.

सुपारी माझ्यात धरून त्याईनं ‘आ’ केला, खांड पडली की सरळ तोंडात टाकाले. अन् मी आत पाह्यलं. स्क्रूच्या टोप्या दिसत होत्या, दोन, चमकदार. त्याच्या भोवती हिरडी गुलाबी होती. मित्रांनो, तीस वर्षं मी त्या तोंडात काळं पाह्यलं, तपकिरी पाह्यलं, लाल पाह्यलं, हिरवंही पाह्यलं एकदा. गुलाबी कधी पाह्यलं नव्हतं. तिथं वासही नव्हता. पयल्यांदा ते तोंड मले माणसाचं वाटलं.

अन् मले माझीच किळस आली. त्या शिऱ्यात पडलेल्या दातात माझाही वाटा होता. खर्रा तर नंतर आला. त्याच्या आधी रोज वीस वेळा खांड कातरून कोनं देली?

त्याईनं जोर लावला. मी तिरपा झालो. सुपारी उडाली अन् देव्हाऱ्याखाली गेली, अन् मी त्याईचा अंगठा धरला, जिथं धरायची मले सवय होती, पण या वेळेस गंमत म्हणून नाई. त्याईनं हात झटकला. मी सोडलं नाई. मंग माझ्या सांध्याचा खिळा, तीस वर्षं झिजलेला, तुटला. एक पोपट पाटाखाली, एक पोपट त्याईच्या मांडीवर.

तेवढ्यात प्रमोदिनीबाई आल्या. भाजीची थैली दारातच ठेवली. अंगठ्यातून रगत, बाजूले डबा उघडा.

“मी खाल्ली नाही,” मोरोपंत म्हणाले.

“तोंड उघडा.”

त्याईनं उघडलं. बाईनं आत वाकून पाह्यलं, खूप वेळ. मंग चिंधी आणली अन् अंगठा बांधला. डबा उचलला अन् घंटागाडीत टाकून आल्या.

चैत्रात डॉक्टर आरतीनं दुसऱ्या स्क्रूवर छोट्या हत्यारानं टकटक केलं. परत टकटक केलं. मंग ती मास्क खाली करून म्हणाली, “धरलं काका.” मोरोपंत खुर्चीत आडवेच होते. त्याईचे डोळे वले झाले अन् पाणी सरळ कानात गेलं.

मंग त्या दोन स्क्रूवर चार दात बसले, अन् वैशाखात पिंकीचं लग्न लागलं. पाचशे माणूस होतं. मोरोपंतांनी माईक हातात घेतला अन् मंगलाष्टकं सुरू केली. एकही शीळ नाई, एकही थेंब नाई. अक्षरं अशी सुटी सुटी पडत होती, जशी कोनी धुतलेली. पिंकी एकदाच हसली, ते नवरदेवाकडं पाहून. लग्न लागल्यावर खुशालराव मोरोपंतांजवळ आले. म्हणाले, “महाराज, धाकट्याचंही पुढच्या साली हाये. तारीख आताच लिवून ठेवा.”

पंगतीत गोपाल भेटला. मोरोपंतांच्या पिशवीतून माझे दोन तुकडे दिसत होते. त्यानं ते काढले, जोडून पाह्यले. “अरे, नुसता खिळा त गेला. लोहाराले देतो, वीस रुपयात बसून जाईन.”

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, तुटल्या तर दुरुस्त करा, असं सगळेच सांगतात. बाकीच्या वस्तूंचं तसंच करा. पण दुसऱ्याचे दात पाडाले जी वस्तू तीस वर्षं कामाले आली, तिले हात जोडून सांगा, की बाई, आता बस. गोपालच्या त्या घाण वासाच्या हातात मी दोन तुकडे होऊन पडलो होतो, अन् एकाच गोष्टीची भीती वाटून राहिली होती, की मोरोपंत ‘हो’ म्हणतील.

मोरोपंतांनी गोपालच्या हातातून दोन्ही तुकडे घेतले. एक स्वतःच्या खिशात ठेवला. दुसरा बाजूले बसलेल्या प्रमोदिनीबाईच्या हातात देला अन् म्हणाले, “हा तुझ्याकडं राहू दे. मी मागितला तरी देऊ नको.”

बाईनं तो पदराच्या टोकात बांधला, गाठ मारली, अन् पानात वाढलेल्या बुंदीकडं वळल्या.